माळरान पडीक नव्हे

नेवासे तालुक्यातील गायराने आणि सरकारी पड जमिनी यांवर सरसकट वृक्षलागवड करावी, म्हणजे हवामानबदलाला आळा बसेल आणि उजाड प्रदेशालाही शोभा येईल, असे जे प्रतिपादन अलीकडे आवर्जून केले जाते, त्यामागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि हे माळ म्हणजे कुऱ्हाडीने आणि शेळ्यामेंढ्यांनी फस्त केलेले जुने अरण्य होय, हे त्याचे गृहीतच मुळी असत्य आहे.

वस्तुतः जेथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि काळ्या जमिनीचा पट्टा संपताच वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तेथे गवत हीच निसर्गाची स्वाभाविक परिणती आहे. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून मोकळे क्षितिज शोधणारा माळढोक, किंवा केवळ वेगाच्या बळावर जगणारे काळवीट, हे अरण्यातून हुसकलेले जीव नव्हेत. ते माळाचेच मूळ खातेदार आहेत. डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेवासे येथील उत्खननात (१९५४–५६) तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीत गुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची हाडे सापडली. तेव्हा चराई ही या भूमीवर काल आलेली आपत्ती आहे, असेही म्हणता येत नाही.

राहिला कर्बाचा प्रश्न. झाड आपला बराचसा कर्ब खोडाफांद्यांत साठविते, गवत मुख्यतः मुळांत आणि मातीत. म्हणून वणवा लागला वा अवर्षण पडले तरी गवताची ठेव बव्हंशी शाबूत राहते, आणि खड्डे व चर खणून माळ उकरला की तीच ठेव आपण आपल्या हातांनी उधळतो.

१९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले, त्यात नेवासे तालुक्याचाही समावेश होता; परंतु शेते आणि गावेही त्याच हद्दीत आल्याने रहिवाशांच्या वाट्याला निर्बंधच अधिक आले, आणि पुढे ती हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. इतके होऊनही नान्नजच्या माळावर, माळढोकाच्याच भूमीत, गिरिपुष्पासारखी झाडे लावण्याचा प्रमाद घडला, याचे मला आजही वैषम्य वाटते.

दुसरा पक्ष म्हणतो, धनगराला बंदी करा. अखंड चराईने मारवेल, पवन्या यांसारखी सकस गवते नष्ट होऊन कुसळी माजते, हे खरेच आहे. पण मुळा धरणाच्या पाटपाण्याबरोबर पसरलेला ऊस, गायरानांवरील अतिक्रमणे आणि बांधकामे यांनी माळ आक्रसला, आणि उरलेल्या तुकड्यावर साऱ्या कळपांचा भार पडला. याचा दोष मेंढपाळाच्या माथी मारणे हा उघड अन्याय आहे. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवून खत घेणाऱ्या शेतकऱ्याने तरी त्यात सामील होऊ नये.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी पाळली, हे खरे. परंतु तेथे गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा राहिली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बंदी हे साधन आहे, साध्य नव्हे. गायरानाचे भाग पाडून एकेका भागाला गवताचे बी झडेपर्यंत विश्रांती द्यावी, वेडी बाभूळ मुळासकट काढावी, पहिल्या पावसाआधी मारवेल, पवन्या, शेडा यांचे बी टाकावे, आणि ग्रामसभेच्या ठरावात गावच्या गुरांबरोबर वाटेने येणाऱ्या कळपांची पाळीही नमूद करावी. गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निवाडा दप्तरी आहेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ माळरानांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने नेवाशाच्या तहसील कचेरीने प्रत्येक गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवून द्यावेत, ही मागणी ग्रामसभांनी पावसाळ्यापूर्वी लेखी करावी.