मासे मेले. कशाने, ते कोण सांगणार?

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला की पुढचं सगळं आता पाठ झालंय. फोटो, बातमी, पंचनामा, पाण्याचे नमुने, एखादी नोटीस. कोणी म्हणतं कारखान्याची मळी, कोणी म्हणतं शहराचं सांडपाणी. नदी वाहत राहते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

माझं म्हणणं एवढंच, की कारण शोधता येतं. पण भर दुपारी बाटलीभर पाणी भरून नेलं तर नाही. विष तोवर वाहून गेलेलं असतं. मळी-मैल्याने पाण्यातला ऑक्सिजन संपतो तो मुख्यतः रात्री. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. दुपारी आकडा बरा दिसू शकतो.

मग बघायचं काय? ऑक्सिजन कमी पडला तर सहसा मोठे मासे आधी दगावतात, विष असेल तर लहान. आणि ओढ्यातले दगड उलटून बघायचे. मेफ्लायसारख्या कीटकांच्या अळ्या दगडाखाली कित्येक आठवडे राहतात, माशांसारख्या पोहून लांब जात नाहीत. त्या नाहीत आणि गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळतायत, म्हणजे घाण आजची नाही, जुनी आहे. मासे ठणठणीत पण कीटकच गायब, तर संशय कीटकनाशकावर घ्यायचा. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं माशांना सोसते त्याहून कितीतरी कमी मात्रेत कीटकांना मारतात.

अमेरिकेत सिएटलजवळच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत. ताप, रोग, ऑक्सिजन, कीटकनाशकं, एकेक कारण तपासून बाद केलं. वर्षानुवर्षं चिकाटी धरली, तेव्हा 2020 साली गुन्हेगार सापडला: गाड्यांच्या टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारं विष. 'रस्त्यावरचं घाण पाणी' म्हणून फाईल बंद केली असती तर?

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्यातल्या जिवांवरून नदीची प्रत ठरवायची पद्धत कधीच आखून दिली आहे. ती नेमाने वापरा. नमुने पहाटे घ्या, प्रत्येक नाल्याच्या मुखाच्या वर आणि खाली घ्या, मेलेले मासे बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल लोकांसमोर ठेवा. हे फार खर्चाचं काम नाही.

कारण सापडलं नाही की दोषी कोणीच नसतो. हे कोणाच्या सोयीचं आहे, ते तुम्हीच ठरवा.