सासुरवाशिणीचा पासपोर्ट

आपल्या सीमाभागात सोयरीक जुळवताना राज्याची हद्द कोणी विचारात घेत नाही. निपाणीची मुलगी कोल्हापुरात दिली जाते, मिरजेची कागवाडात येते, सोलापूरची विजापुरात नांदते. दोन्हीकडचे पुढारी सीमाप्रश्नावर कितीही गर्जना करोत, रोटी-बेटी व्यवहार काही थांबलेला नाही. सून घरात आली की रेशनकार्डात नाव घालायचे, मतदारयादीत पत्ता बदलायचा, की झाले. "तू इथे किती दिवस राहणार?" असे तिला कोणी विचारत नाही. हद्द देशाची असली म्हणजे मात्र हाच प्रश्न तिची आयुष्यभर पाठ सोडत नाही.

माझी आत्या भोपाळच्या नेहरू नगरात राहते. तिच्याकडे सुट्टीत गेलो असताना हा विषय मला प्रथम नीट कळला. भोपाळच्या शेवटच्या नवाबाची, हमीदुल्ला खान यांची, थोरली कन्या आबिदा सुलतान १९५० साली पाकिस्तानात गेली. दुसरी, साजिदा सुलतान, इथेच राहिली आणि नवाबाच्या मृत्यूनंतर भारत सरकारने तिला वारस मानले. एका बापाच्या दोन लेकी, दोन देश. राजवाड्यात जे झाले ते जुन्या शहराच्या गल्ल्यांतही झाले. अर्धे घर कराचीला गेले, अर्धे तलावाकाठी राहिले, आणि मामे-चुलत भावंडांच्या सोयरिकी पुढेही होत राहिल्या.

आत्याचे कपडे शिवणाऱ्या बाईंची भावजय अशीच कराचीहून आलेली. मुले भोपाळात जन्मली, इथल्याच शाळेत गेली. ती स्वतः मात्र दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो, पुन्हा चौकशी. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामचा अमानुष हल्ला झाला आणि सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. पण हा खुलासा घरोघरी पोहोचेपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही, असे आत्या सांगत होती. त्याच दिवसांत अटारीच्या फाटकावर उलटा प्रकार घडला. लग्न करून पाकिस्तानात गेलेल्या, पण पासपोर्ट भारताचाच राहिलेल्या काही बायका माहेरी आल्या होत्या. त्यांच्या मुलांना पलीकडे जाऊ दिले आणि आईला अडवले. अतिरेक्यांना शासन व्हावे याविषयी दुमत नाही. पण त्या आयांचा त्यात काय अपराध होता?

कोणी म्हणेल, पाकिस्तानची गोष्ट वेगळी. ठीक आहे, ती बाजूला ठेवू. जर्मनीची किंवा जपानची मुलगी आपल्याकडे सून म्हणून आली, किंवा तिकडचा मुलगा जावई म्हणून इथे राहिला, तर काय होते ते पाहा. लग्नाची नोंद होऊन दोन वर्षे झाली की त्या व्यक्तीला ओसीआय कार्ड मिळू शकते. तेही आधी सुरक्षाविषयक चौकशी होऊन. (पाकिस्तान व बांगलादेशचे जे नागरिक आहेत किंवा होते, त्यांना ही वाट बंद.) या कार्डाला लोक 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतात, पण ते तसे नाही. मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. २०१५ सालच्या दुरुस्तीने कायद्यात असे घातले आहे की, घटस्फोट झाला तर लग्नामुळे मिळालेले हे कार्ड रद्द करता येते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. १९३२ च्या भागीदारी कायद्यात संस्थेचे विसर्जन कसे करावे ते आम्हाला शिकवतात. भागीदारांचे कितीही बिनसले तरी देणी भागवून प्रत्येकाला त्याचे भांडवल आणि उरलेल्यातील वाटा द्यावा लागतो. किराणा दुकानाच्या भागीदाराला जो न्याय, तो वीस वर्षे संसार केलेल्या स्त्रीला नसावा? तिची मुले इथली, मित्रमैत्रिणी इथल्या, कदाचित नोकरीही इथलीच. आणि तिचे इथले राहणे नवऱ्याच्या मर्जीवर! भांडणात "जा तुझ्या देशाला" म्हणण्याची सोय कायद्यानेच करून दिल्यासारखी आहे.

यावर उत्तर मिळते की तिने नागरिकत्व घ्यावे. भारतीयाशी विवाह करून सात वर्षे इथे राहिल्यावर तसा अर्ज करता येतो, हे खरे. पण आपला कायदा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व ठेवू देत नाही. म्हणजे तिकडे म्हातारे आईवडील असतील तर तिने मुलगी म्हणून नव्हे, व्हिसा काढून पाहुणी म्हणून त्यांच्याकडे जायचे. मराठीत माहेर, कन्नडमध्ये तवरुमने. इंग्रजीत या अर्थाचा सुटसुटीत शब्द मला अद्याप सापडलेला नाही. ज्या भाषांनी यासाठी स्वतंत्र शब्द जपला, त्या भाषा बोलणाऱ्यांच्या देशाने सुनेला माहेर सोडून दे म्हणावे, हे मला विचित्र वाटते.

शेजारच्या गोव्यात याचीच दुसरी बाजू दिसते. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. ते घेतले की भारताचे जाते. पोटापाण्यासाठी नवऱ्याने ते घेतले आणि बायकोने घेतले नाही, तर एकाच छपराखाली एक भारतीय आणि एक परदेशी!

खोटी लग्ने करून लोक घुसतील ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. इंग्लंडनेही तिच्यावर उपाय शोधला, पण तो पैशाचा. जोडीदाराला तिकडे बोलवायचे तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड मिळकत दाखवावी लागते. आधी ही मर्यादा १८,६०० होती. म्हणजे मोलमजुरी करणाऱ्याचे प्रेम खोटे आणि पगारदाराचे खरे! त्या मानाने आपली दोन वर्षांची अट व चौकशी पुष्कळ बरी. पण एकदा चौकशी करून लग्न खरे ठरवल्यावर पुढे आयुष्यभर संशय कशासाठी?

माझे म्हणणे इतकेच की, सात वर्षांचा संसार झाला किंवा इथे मूल झाले, तर राहण्याचा व काम करण्याचा हक्क त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर व्हावा. घटस्फोटाने तो जाऊ नये. अशा जोडप्यांपुरते तरी दुहेरी नागरिकत्व मान्य करावे. पाकिस्तानी सुनांबाबत सरकारने हवी तेवढी कडक तपासणी एकदाच करावी आणि मग त्यांना निर्धास्त झोपू द्यावे. कायदा बदलत नाही असे तर नाही. भारतीय स्त्रीचे मूल परदेशात जन्मले तर केवळ आईच्या नात्याने त्याला वंशपरत्वे भारताचे नागरिकत्व मिळत नसे, वडीलच भारतीय असावे लागत. डिसेंबर १९९२ मध्ये ते बदलले. त्यासाठी स्वातंत्र्यानंतर पंचेचाळीस वर्षे लागली. नेहरू नगरातल्या त्या बाईंच्या भावजयीचा पुढचा अर्ज तेवढा थांबणार नाही.