रंगीत दिव्यांत घरच्यांचे फोटो

शादीच्या मोसमात आमच्या शहाड-कल्याणकडच्या हॉलमध्ये जांभळे, निळे, गुलाबी दिवे लागतात. डोळ्यांना रोषणाई छान वाटते. मोबाइलमध्ये मात्र दुल्हनचा लाल दुपट्टा काळपट आणि नानीअम्मांचा चेहरा निळा येतो. बायकांच्या बाजूला पुष्कळ घरांत बाहेरचा फोटोग्राफर नसतो. घरच्या मुलींनी मोबाइलवर काढलेलेच फोटो मागे राहतात. उद्या नानीअम्मा नसतील तेव्हा नातवंडांनी तो निळा चेहरा पाहायचा का?

असे का होते, ते आधी पाहू. पिवळ्या बल्बखालीही पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो, कारण डोळे आणि मेंदू प्रकाशाशी जुळवून घेतात. कॅमेऱ्याला हे काम 'व्हाइट बॅलन्स' करून द्यावे लागते. प्रकाशाचा पिवळे-निळेपणा केल्विनमध्ये मोजतात: जुना पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विन, दुपारचे ऊन सुमारे ५५००. मोबाइलच्या 'प्रो' मोडमध्ये बल्ब, ट्यूब, सूर्य, ढग अशी चिन्हे असतात. समोर जो दिवा आहे, ते चिन्ह निवडावे. एकदा पांढरा कागद धरून फोटो काढून ठेवला, तर नंतर रंग जुळवणे सोपे जाते. नीळ घातलेला कुर्ता किंवा टोपी त्यासाठी घेऊ नये; ती मुळातच निळसर असते आणि तिच्यावरून जुळवलेला फोटो पिवळा पडतो.

पण या उपायाला मर्यादा आहे. प्रकाशात जो रंगच नाही, तो फोटोत आणता येत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्यात जवळजवळ एकच पिवळा रंग असतो, सुमारे ५८९ नॅनोमीटरचा. त्याखाली लाल, हिरवा, निळा, कुठलाही दुपट्टा पिवळट-राखाडीच दिसतो. हॉलमधल्या निव्वळ निळ्या एलईडीचेही तसेच. तिथे कोणतेही अॅप लाल रंग परत देणार नाही.

म्हणून आम्ही सुचवतो:

हॉल ठरवतानाच डेकोरेशनवाल्याला सांगून ठेवा की निकाहच्या दस्तखतीला आणि घरच्यांच्या फोटोंना दहा मिनिटे रंगीत दिवे बंद, साधे पांढरे चालू.

ते जमले नाही, तर वडीलधाऱ्यांना जेवणाच्या बाजूला साध्या पांढऱ्या दिव्याखाली बसवा. एका चेहऱ्यावर दोन रंगांचे दिवे पडू देऊ नका. दोन्ही एकदम सुधारता येत नाहीत.

रंगीत दिव्यात फोटो काढावाच लागला, तर स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा कमी करा. एकच रंग भडकला की चेहऱ्याची ठेवण पुसली जाते.

फोटोवर आडवे पट्टे आले, तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

रंग बिघडलेला जुना फोटो फेकू नका. तो कृष्णधवल करून पाहा, चेहरा पुष्कळदा सावरतो.

रमजानच्या रात्रीचा बाजार किंवा ईद-ए-मिलादची हिरवी रोषणाई टिपताना मात्र रंग सुधारत बसू नका. तिथे रंग हीच आठवण आहे. घरच्यांच्या फोटोत आठवण चेहऱ्याची असते, आणि त्यासाठी एक पांढरा दिवा पुरतो.