शिरगावच्या मत्स्य पदवीधरासाठी चीनची वाट: दापोलीच्या कृषी विद्यापीठास खुले पत्र

माननीय कुलगुरू,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
यांस सविनय सादर

परदेशी विद्यार्थ्यांना चीनमध्ये उच्च शिक्षण घेता यावे म्हणून तेथील सरकार दरवर्षी ज्या शिष्यवृत्त्या देते, त्यांची चर्चा रत्नागिरी जिल्ह्यात झालीच तर ती वैद्यकीय प्रवेशाच्या निमित्ताने होते, आणि त्या चर्चेत मूळ गोष्टच हरवते. चीनमध्ये एमबीबीएससाठी गेलेले बहुतेक भारतीय विद्यार्थी स्वखर्चाने गेलेले असतात. सरकारी शिष्यवृत्तीचा खरा लाभ पदव्युत्तर अभ्यास व संशोधन करू इच्छिणाऱ्यांना मिळतो. रत्नागिरीपुरते पाहिले तर या शिष्यवृत्तीशी सर्वाधिक जुळणारा विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात, म्हणजे १९८१ पासून मत्स्यविज्ञानाची पदवी देणाऱ्या संस्थेत, शिकत आहे. म्हणून हे पत्र दिल्लीतील मंत्रालयाला किंवा मुंबईतील चिनी वाणिज्य दूतावासाला न लिहिता आपणास लिहिले आहे. अर्जदाराच्या वाटेतील बरेच अडथळे दापोली ते रत्नागिरी या टापूतच दूर होण्यासारखे आहेत.

प्रथम या शिष्यवृत्तीचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. ‘चीन सरकारची शिष्यवृत्ती’ ही योजना चीन शिष्यवृत्ती परिषद चालवते. ही परिषद १९९६ साली स्थापन झाली असून ती चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. भारतीय अर्जदाराला तिच्याकडे जाण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला द्विपक्षीय मार्ग, ज्यात भारत सरकारचे शिक्षण मंत्रालय अर्ज मागवून निवडलेल्यांची नावे चीनकडे पाठवते. दुसरा विद्यापीठीय मार्ग, ज्यात परिषदेने मान्य केलेले चिनी विद्यापीठ स्वतः उमेदवार निवडून त्याची शिफारस परिषदेकडे करते. दोन्ही मार्गांत परिषदेच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज भरावा लागतो आणि त्यात ‘अभिकरण क्रमांक’, म्हणजे अर्ज कोणत्या संस्थेमार्फत येत आहे हे सांगणारा संकेतांक, अचूक द्यावा लागतो. तो चुकला तर अर्ज भलत्याच संस्थेच्या खात्यात जाऊन पडतो. निवड झालेल्यास शिक्षणशुल्क माफ होते, वसतिगृह व वैद्यकीय विमा मिळतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यास दरमहा ३,००० युआन, तर पीएचडीच्या विद्यार्थ्यास ३,५०० युआन निर्वाहभत्ता मिळतो. यांपैकी पहिली रक्कम भारतीय चलनात ३५ हजार रुपयांच्या पुढे जाते. विमानभाडे सामान्यतः विद्यार्थ्यालाच सोसावे लागते. वयाची मर्यादा पदव्युत्तर अभ्यासासाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षांची आहे, ती आपल्याकडील विद्यार्थ्यांना मुळीच जाचक नाही.

बारावी झालेल्या मुलांना मात्र या योजनेकडे ढकलू नये. पदवी पातळीवरील शिष्यवृत्तीधारकांना चिनी माध्यमातूनच शिकावे लागते, आणि भाषा येत नसेल तर आधी साधारण वर्षभराचा भाषावर्ग पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ‘एचएसके’ ही चिनी भाषेची अधिकृत परीक्षा आहे आणि अठराव्या वर्षी एकट्याने परक्या देशात जाऊन वर्षभरात तिची मधली पातळी गाठणे अनेकांना झेपत नाही. पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पातळीवर इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, त्यामुळे मत्स्यविज्ञानाच्या पदवीधराची अडचण पुष्कळच कमी होते. तरीही तलावावर काम करणारे मजूर आणि प्रयोगशाळेतील साहाय्यक इंग्रजी बोलत नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी एचएसकेच्या पहिल्या दोन पातळ्यांइतकी भाषा शिकलेला विद्यार्थी तेथे इतरांच्या पुढे राहील.

आता विषय चीनचाच का, या प्रश्नाकडे वळता येईल. जगातील मत्स्यसंवर्धनात, म्हणजे मासे व इतर जलचर पाळून घेतल्या जाणाऱ्या उत्पादनात, निम्म्याहून अधिक वाटा एकट्या चीनचा आहे. तेथे तळ्यात मासे वाढवण्याविषयी लिहिण्याची परंपरा ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील फान ली याच्यापर्यंत मागे नेली जाते. महाराष्ट्रातील शेततळ्यांत कटला, रोहू आणि मृगळ यांच्या जोडीने जे चंदेरा व गवत्या हे मासे सोडले जातात, ते मूळचे चिनी नद्यांतले असून १९५९ मध्ये कटकच्या संशोधन केंद्रात प्रथम आणले गेले. त्यानंतर ते इतके रुळले की मत्स्यशेतकऱ्याला ते परके वाटतही नाहीत. पण कोकणाच्या दृष्टीने गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्याचे चिनी ज्ञान अधिक मोलाचे आहे. शानतुंग प्रांताच्या किनाऱ्यावर समुद्रात लांबच लांब दोर ताणून त्यांवर कालवे, शिंपले आणि समुद्रशैवाल वाढवले जातात. मिरकरवाड्यापासून जयगडपर्यंतच्या खाड्यांत कालवे आणि शिनाणे निसर्गतः मिळतात, पण ती खडकावरून काढून बाजारात आणण्यापलीकडे त्यांचे संवर्धन फारसे गेलेले नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून किनाऱ्यावर तंटे होत असताना, पकडण्याऐवजी पाळण्याचे शास्त्र शिकलेली माणसे या जिल्ह्याला हवी आहेत, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या शास्त्राची दोन ठिकाणे विशेष लक्ष देण्यासारखी आहेत. छिंगताव येथील चीन महासागर विद्यापीठ १९२४ पासून अस्तित्वात आहे, आणि १९१२ मध्ये मत्स्यव्यवसाय शाळा म्हणून सुरू झालेली संस्था आज शांघाय महासागर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. शिरगावचे हुशार विद्यार्थी आजवर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेकडे पाहत आले आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण १९६१ साली स्थापन झालेली ती संस्था आपल्या क्षेत्रात देशात अग्रगण्य मानली जाते. परंतु तेथील जागा मोजक्या आहेत. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही, किंवा कालवसंवर्धनासारख्या नेमक्या विषयात काम करायचे आहे, त्यांच्यापुढे छिंगताव व शांघायचे पर्याय ठेवण्यात काहीच वावगे नाही.

अर्जाची खरी कसोटी कागदपत्रांत लागते. परिषदेच्या अर्जाचा काळ साधारणतः जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असतो, निकाल उन्हाळ्यात लागतो आणि सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होते. आपल्या पदवीधराचे अंतिम सत्र मात्र अर्जाची मुदत संपते तेव्हा अजून चालू असते. अशा विद्यार्थ्याला चिनी विद्यापीठे ‘अपेक्षित पदवीचा दाखला’, म्हणजे हा विद्यार्थी अमुक महिन्यात पदवी पूर्ण करणार आहे असे सांगणारे संस्थेचे पत्र, सादर करण्याची मुभा देतात. पण ते पत्र कुलसचिव अथवा अधिष्ठाता यांच्या सही-शिक्क्याने, इंग्रजीत आणि अपेक्षित तारखेसह असावे लागते. त्यासोबत सर्व सत्रांचे एकत्रित गुणपत्रक लागते. आपल्या विद्यापीठाचे मुख्यालय दापोलीस आहे आणि महाविद्यालय शिरगावास. या दोन गावांमधला रस्ता घाटवळणांचा आहे, आणि प्रत्येक सहीसाठी विद्यार्थ्याने तो पालथा घालावा अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. इंग्रजी माध्यमात शिक्षण झाल्याचा दाखला हाही असाच कागद आहे. तो एका पानाचा असतो, पण अनेक विद्यापीठे इंग्रजीच्या महागड्या परीक्षेऐवजी तो स्वीकारतात, त्यामुळे त्याची किंमत विद्यार्थ्यापुरती हजारो रुपयांची आहे.

शिफारसपत्रांचा नियम वाचताना आपल्याकडील वास्तव दुर्लक्षून चालणार नाही. पदव्युत्तर व पीएचडीच्या अर्जासाठी प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक दर्जाच्या दोन व्यक्तींची पत्रे मागितली जातात. ज्या विद्यार्थ्याचा प्रकल्प एखाद्या सहायक प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली झाला असेल, त्याची पारख त्या सहायक प्राध्यापकालाच असते, परंतु त्याची सही या कामी पुरेशी धरली जात नाही. म्हणून वरिष्ठ अध्यापकांनी त्या मार्गदर्शकाकडून विद्यार्थ्याच्या कामाची माहिती घेऊन पत्र लिहावे. ठरावीक मजकुराचे, नाव बदलून दिलेले शिफारसपत्र चिनी निवड समिती ओळखत नसेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. अभ्यास-नियोजन किंवा संशोधन-आराखडा या मजकुराबाबतही हेच म्हणता येईल. ‘चीनच्या महान संस्कृतीचे आकर्षण’ यावर तीन परिच्छेद लिहिणाऱ्या अर्जापेक्षा काळबादेवीच्या खाडीतील पाण्याची क्षारता पावसाळ्यात किती उतरते आणि त्याचा कालवांच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे अर्ध्या पानात मांडणारा अर्ज उजवा ठरेल. चिनी प्राध्यापकाला ईमेलने असा आराखडा पाठवून त्याचे स्वीकृतीपत्र अगोदर मिळवता आले, तर विद्यापीठीय मार्गाने जाणाऱ्याची बाजू बरीच भक्कम होते. असा पत्रव्यवहार डिसेंबरपूर्वी सुरू व्हायला हवा, आणि तो करायला विद्यार्थ्याला अध्यापकांनीच शिकवले पाहिजे.

‘परदेशी व्यक्तीच्या शारीरिक तपासणीचा नमुना’ हा एक छापील कागद या प्रक्रियेत बहुधा सर्वात जास्त अर्ज अडवतो. त्यात क्ष-किरण, हृदयालेख आणि रक्ताच्या विशिष्ट चाचण्यांचे निष्कर्ष भरायचे असतात, डॉक्टरांची सही लागते, आणि रुग्णालयाचा शिक्का छायाचित्रावर अर्धा व कागदावर अर्धा असा उमटावा लागतो. यांपैकी एखादी गोष्ट राहिली तरी नमुना अग्राह्य ठरतो. तपासणीचा निकाल साधारण सहा महिनेच ग्राह्य असतो, त्यामुळे फार आधी करूनही उपयोग नसतो. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यापीठाने त्याच्या रुग्णालयाशी एकदा बोलणे करून जानेवारी-फेब्रुवारीत ठरावीक दिवशी ही तपासणी होईल अशी व्यवस्था लावली, तर मुंबईपर्यंतचा प्रवास व मुक्कामाचा खर्च वाचेल. पोलिसांकडील चारित्र्यविषयक दाखला आणि दस्तऐवजांचे प्रमाणीकरण हे टप्पे मात्र विद्यापीठाच्या हातात नाहीत. हेग येथील दस्तऐवज प्रमाणीकरणाचा करार चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ रोजी लागू झाला, तरी भारत आणि चीन यांच्यापुरता तो तेव्हा अमलात आला नाही, ही बाब विद्यार्थ्याला वेळेत सांगणारे कोणीतरी असावे; अन्यथा इतर देशांसाठी चालणाऱ्या शिक्क्यावर विसंबून तो शेवटच्या क्षणी अडचणीत येतो. निवड झाल्यावर मिळणारा ‘जेडब्ल्यू २०१’ हा प्रवेशनमुना आणि त्यावर आधारित दीर्घ मुदतीचा ‘एक्स-१’ व्हिसा हे पुढचे टप्पे त्या मानाने सरळ आहेत.

या विषयात राजकारणाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जून २०२० मधील गलवानच्या संघर्षानंतर भारत सरकारने चिनी भागीदारीतील कन्फ्यूशियस संस्थांच्या कामाचा आढावा घेण्याचे ठरवले, आणि त्यात मुंबई विद्यापीठातील संस्थेचाही समावेश होता. मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी प्रवाशांना बंद केलेली दारे विद्यार्थ्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात हजारो भारतीय विद्यार्थी घरी बसून ऑनलाइन शिकत राहिले, आणि अशा शिक्षणाच्या मान्यतेबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट इशाराही दिला. शिष्यवृत्ती देणारे राज्य ती स्वतःच्या हितासाठी देते, आणि हे चीनइतकेच ब्रिटन व अमेरिकेलाही लागू आहे. तेव्हा जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून जावे एवढाच याचा अर्थ. जाऊ नये असा नव्हे. दरवर्षी होणाऱ्या मूल्यमापनात प्रगती असमाधानकारक ठरल्यास शिष्यवृत्ती थांबते, विषय किंवा विद्यापीठ बदलणे अवघड असते, आणि परतल्यावर पदवीच्या समकक्षतेसाठी आयोगाचे २०२५ चे नियम पाहावे लागतात, हेही विद्यार्थ्याला निघण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

महाराष्ट्रात भारत-चीन संबंधांवरील भाषण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या नावाशिवाय सहसा संपत नाही. पण कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून सेवेसाठी गेले होते, शिकण्यासाठी नव्हे. शिष्यवृत्तीच्या संदर्भात आठवायचे असेल तर वसंत परांजपे यांचे नाव अधिक समर्पक आहे. १९४७ साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पेकिंग विद्यापीठात गेले, चिनी भाषेत पारंगत झाले आणि पुढे भारतीय परराष्ट्र सेवेत राहून पंडित नेहरूंचे दुभाषी म्हणून त्यांनी काम केले. एका मराठी विद्यार्थ्याला मिळालेल्या शिष्यवृत्तीतून देशाला एक चिनी भाषातज्ज्ञ मिळाला, तोही दोन्ही देश घडणीच्या काळातून जात असताना. कोकणाला आज दुभाष्यापेक्षा कालवतज्ज्ञ हवा आहे, एवढाच काय तो फरक.

आपणाकडे मागणे मोठे नाही. शिरगावच्या महाविद्यालयात एका अध्यापकाकडे ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्या काळापुरती ही जबाबदारी सोपवावी. अपेक्षित पदवीचा दाखला, एकत्रित गुणपत्रक आणि माध्यमाचा दाखला अर्ज केल्यापासून ठरावीक दिवसांत शिरगावातच मिळावा, व त्यासाठी लागणारे सहीचे अधिकार दापोलीहून अधिष्ठात्यांना द्यावेत. आणि शिष्यवृत्ती हमखास मिळवून देण्याच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून विद्यार्थ्यांनी दूर राहावे, अशी सूचना फलकावर लावावी. परिषद स्वतः अर्जासाठी मध्यस्थ नेमत नाही. काही चिनी विद्यापीठे अर्जशुल्क घेतात, ते थेट विद्यापीठालाच भरायचे असते. समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना असून तिच्या कागदपत्रांचा बराचसा भाग हाच असतो. म्हणून हा अध्यापक दोन्ही योजनांची कामे एकत्र पाहू शकेल. येत्या जानेवारीत नवा अर्जकाळ सुरू होण्यापूर्वी हा आदेश निघावा, अशी विनंती आहे.

कळावे.

रत्नागिरीतील एक नागरिक