गरुड म्हणजे शौर्य? इतकं सोपं नाही

अ‍ॅझ्टेक टॅटूंचा कुठलाही कॅटलॉग उघडा, चित्राखाली अर्थ तयारच असतो. गरुड म्हणजे शौर्य, जग्वार म्हणजे ताकद, पिसांचा साप म्हणजे ज्ञान, गोल सूर्यशिळा म्हणजे काळाचं चक्र. गिऱ्हाइकाने गुण निवडायचा, कलाकाराने चित्र गोंदायचं. यावर आक्षेप घेतला, की चिन्हाला अर्थ असतोच, मग तो सांगितला तर बिघडलं कुठे, असा सवाल येतो.

बिघडतं ते पाहायला सूर्यशिळाच घेऊ. १७ डिसेंबर १७९० रोजी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकातल्या खोदकामात ती सापडली. व्यास साडेतीन मीटरहून थोडा जास्त, वजन सुमारे २४ टन. ‘अ‍ॅझ्टेक कॅलेंडर’ हे नाव तिला चिकटलं ते कायमचंच. वीस दिवसचिन्हांचं वलय तिच्यावर आहे खरं, पण ते पाहून आजची तारीख काढता येत नाही. मधला चेहरा नीट पाहा. बाहेर आलेली जीभ म्हणजे गारगोटीची सुरी आहे. दोन्ही बाजूंच्या नखांच्या पंजांत माणसांची काळजं आहेत. भोवतीच्या चार चौकटींत याआधी लयाला गेलेली चार जगं आहेत: एक जग्वारांनी फस्त केलं, एक वाऱ्याने उडवलं, एक अग्निवर्षावात जळलं, एक पुरात बुडालं. आपलं पाचवं भूकंपाने संपायचं आहे. तो चेहरा सूर्यदेव तोनातिऊचा की पृथ्वीदेवतेचा, यावर अभ्यासक आजही भांडतात. हे सगळं ‘काळाचं चक्र’ म्हणून गुंडाळलं की काय होतं, ते २०१२ साली दिसलं. जगबुडीची आवई उठली ती माया कालगणनेवरून, आणि तिच्यासोबत जगभर झळकली ती अ‍ॅझ्टेकांची ही शिळा!

गरुड-जग्वारांचंही तेच. स्पॅनिश विजयानंतर, १५४१च्या सुमारास तयार झालेल्या ‘कोडेक्स मेंदोसा’ या चित्रपोथीत योद्ध्यांचे पोशाख पकडलेल्या कैद्यांच्या संख्येनुसार चितारले आहेत. जग्वारचा पोशाख मिळतो चार कैदी आणणाऱ्याला. म्हणजे ही चिन्हं मनातली भावना सांगत नव्हती, रणातला हिशेब सांगत होती. गरुडाच्या आकाराची दगडी पात्रंही सापडली आहेत, त्यांच्या पाठीतल्या खोलगट भागात बळींची हृदयं ठेवली जात. ‘शौर्य’ हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो इतका धुऊनपुसून घेतलेला आहे की त्यात अ‍ॅझ्टेक असं काही उरलेलं नाही.

यावर शुद्धतावादी खूश होतील. त्यांचं म्हणणं, अ‍ॅझ्टेकांनी अंग रंगवलं, कान आणि ओठ टोचून दागिने घातले. पण ही चित्रं ते कातडीवर गोंदवत होते याला भक्कम आधार नाही, तेव्हा ‘अ‍ॅझ्टेक टॅटू’ हे प्रकरणच बनावट. यातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र लंगडा. कारण या टॅटूंचा खरा इतिहास अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये नाही, कॅलिफोर्नियात आहे. १९६९मध्ये डेन्व्हरला जमलेल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, तरुणांनी अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग म्हणजेच अ‍ॅझ्टेकांची मूळभूमी आस्त्लान, असं जाहीर केलं. ‘उपरे’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसांनी दिलेलं ते उत्तर होतं. हीच भावना कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत कातडीवर उतरली. तिथे कॅसेट प्लेअरची मोटर आणि गिटारच्या तारेची सुई जोडून यंत्रं बनत. सुई एकच, शाई काळीच, म्हणून रेघ बारीक आणि छटा करड्या. १९७५मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ निघालं आणि ही शैली तुरुंगातून दुकानात आली. त्या दंडांवरचा अ‍ॅझ्टेक योद्धा ‘आम्ही इथलेच’ असं बजावत होता. हा अर्थ जुना नाही, पण अस्सल आहे. तो माणसांनी किंमत मोजून कमावला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: चिन्हाला अर्थ देतात ती ते वापरणारी माणसं आणि त्यांची परिस्थिती. हे विसरणं महागात पडतं. दोन आडव्या रेघा आणि तीन ठिपके, म्हणजे तेरा, हा ‘अ‍ॅझ्टेक आकडा’ म्हणून कुणी हौसेने मनगटावर घेतो. पाचासाठी रेघ ही मुख्यतः माया आणि झापोतेक लोकांची रीत, अ‍ॅझ्टेक लेखनिक सहसा ठिपकेच मांडत. शिवाय कॅलिफोर्नियात हाच तेरा सुरेन्यो टोळ्यांची खूण आहे, आणि पोलीस तो तसाच वाचतात.

मग बाहेरच्याने ही चित्रं घेऊच नयेत का? खुशाल घ्यावीत. बंदी घालणारे आपण कोण? पण आपलं चित्र कुठल्या शिळेवरचं, कुठल्या पोथीतलं, आणि आज ते कोण मिरवतं, एवढं तरी विचारावं. अ‍ॅझ्टेकांची नाहुआत्ल भाषा आजही पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. हा बेवारस माल नव्हे. सुरीची जीभ आणि पंजातली काळजं पाहूनही ज्याला सूर्यशिळा दंडावर हवी, त्याचा टॅटू मला मान्य आहे. ज्याला नुसतं ‘शौर्य’ हवं, त्याने सरळ तोच शब्द गोंदवून घ्यावा; स्वस्तही पडेल.