बघायला फुकट, बदलायला मोकळं



रायपूरच्या मराठी घरांतल्या मुलांसमोर मराठी गोष्टीचं पुस्तक ठेवून बघा. ती घडाघडा वाचतील. लिपी तीच, शाळेत हिंदीसाठी गिरवलेली. अडतं ते अर्थापाशी. 'ऊन' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर लोकर येते. 'खाली' म्हणजे रिकामं, 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'वेळ'चा 'वेल' होतो आणि 'काळ'चा 'काल', कारण शाळेतल्या हिंदीत 'ळ' नाहीच. आजीचं बोलणं सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

अशा मुलांसाठी दुकानात काय मिळतं? एक तर पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं. त्यांत भाषा मुलाला येतेच, असं धरलेलं असतं. नाही तर अंकलिपी, जी आपल्या चौथीतल्या मुलाला अगदीच लहानपणीची वाटते. लिपी येते, कानाला भाषा ओळखीची आहे, फक्त शब्द निसटतात, अशा मुलांसाठी वेगळं पुस्तक काढणं प्रकाशकाला परवडणार कसं? गिऱ्हाईकच किती! यात कोणाचा दोष नाही, हिशेबच तसा आहे.

मग ते आपणच घरी तयार केलं तर? त्यासाठी लागणारी साधनं आज फुकट मिळतात आणि ती वापरायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. आजच्या सदरात त्यांच्याविषयीच बोलू या.

फुकट वेगळं, खुलं वेगळं

आधी एक फरक समजून घेऊ. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवता येतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव असतात. यूट्यूबवरचे गोष्टींचे व्हिडिओही बघायला फुकट असतात. पण त्यातला अवघड शब्द काढून सोपा घालायचा, पुण्याच्या पेठेऐवजी आपला गोलबाजार आणायचा आणि ते चार घरांत वाटायचं म्हटलं, तर बहुतेक वेळा परवानगी लागते.

खुल्या शैक्षणिक साहित्याचं तसं नसतं. ही संज्ञा 2002 साली युनेस्कोच्या एका बैठकीत पुढे आली, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये युनेस्कोच्या सदस्य देशांनी त्याविषयीची शिफारस मंजूर केली. डेव्हिड वायली या अमेरिकन अभ्यासकाने त्याच्या पाच मुभा सांगितल्या आहेत: साहित्य जवळ ठेवता येतं, वापरता येतं, बदलता येतं, दुसऱ्या साहित्यात मिसळता येतं आणि पुढे वाटता येतं. ही परवानगी सहसा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्यातून दिलेली असते. मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव द्यायचं, एवढीच त्यातल्या सगळ्यात मोकळ्या परवान्याची मुख्य अट.

आपल्या मुलांसाठी ही बदलण्याची मुभाच सगळ्यात मोलाची आहे.

परितेवाडीचं उदाहरण

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी सगळ्यांना आठवत असतील. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ती बातमी घरोघरी पोहोचली. त्यामागचं काम मात्र तेवढं बोललं गेलं नाही.

शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक वेगळ्या भाषेत. गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं मुलींच्या भाषेत आणली आणि पानांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की कवितेचा ऑडिओ, धड्याचा व्हिडिओ, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडायचा. पुढे महाराष्ट्राने आपल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' मंचावरही पुस्तकातल्या कोडमधून धडे उघडतात.

घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, हे आपल्याही घरांत आहे. तिथे कन्नड होती, इथे मराठी आहे.

आपल्या छत्तीसगडात

हे सगळं महाराष्ट्रातच घडलं असं नाही. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'क्लिक्स' नावाचा उपक्रम चालवला. त्यातल्या चार राज्यांत छत्तीसगड होतं. राजस्थान, तेलंगणा आणि मिझोराम ही बाकीची तीन. सरकारी शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलं भूमितीचे खेळ खेळली, विज्ञानाचे धडे हाताळून शिकली. हे साहित्य खुल्या परवान्याचं होतं, हिंदीतही होतं आणि नेट नसलं तरी शाळेच्या सर्व्हरवर चालायचं. त्याला युनेस्कोचा 2017 सालचा किंग हमद पुरस्कारही मिळाला.

मग एप्रिल 2020 मध्ये, शाळा बंद असताना, राज्य सरकारने 'पढई तुंहर दुआर' सुरू केलं. म्हणजे शिक्षण तुमच्या दारी. त्यासाठी शिक्षकांनी स्वतः धडे तयार केले. जिथे नेट पोहोचत नव्हतं तिथे ब्लूटूथने फोनवरून फोनवर ऑडिओ धडे देण्याचा 'बुलटू के बोल' हा प्रयोगही झाला. धडा फाइलच्या रूपात हातात असला की तो नेटशिवायही पुढे जातो, हे आपण इथेच पाहिलं आहे.

पहिलं साधन: स्टोरीवीव्हर

'प्रथम बुक्स' ही 2004 साली सुरू झालेली ना-नफा प्रकाशन संस्था. तिने 8 सप्टेंबर 2015 रोजी, साक्षरता दिनी, 'स्टोरीवीव्हर' ही साइट उघडली. तिथल्या चित्रगोष्टी सहसा 'सीसी बाय 4.0' परवान्याच्या असतात. मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवर वाचनाची पातळी लिहिलेली असते, एक ते चार. मूल शाळेत चौथीत असलं तरी मराठीसाठी पहिल्या-दुसऱ्या पातळीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

वाचण्याइतकंच तिथे लिहिणंही सोपं आहे. खातं उघडायचं, आवडलेली हिंदी किंवा इंग्रजी गोष्ट निवडायची आणि भाषांतराचं बटण दाबायचं. चित्र तसंच राहतं, त्याच्याजवळ आपण आपलं मराठी वाक्य लिहायचं. चित्रांच्या साठ्यातून चित्रं निवडून नवी गोष्टही रचता येते.

भाषांतर हे या शहराला नवीन काम नाही. बूढापारात ज्यांच्या नावाची शाळा आहे ते माधवराव सप्रे मराठी घरातले. 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं, आणि पुढे दासबोध व टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं. त्यांनी मराठीतलं हिंदीत नेलं. आता आपल्या नातवंडांसाठी उलट दिशेने थोडी वाहतूक व्हायला हवी.

दुसरं साधन: एचफाइव्हपी आणि लुमी

गोष्ट वाचून झाली की मुलाला काहीतरी करायला हवं असतं. त्यासाठी 'एचफाइव्हपी' आहे. नॉर्वेत तयार झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर जगभरच्या शाळा-कॉलेजांत वापरलं जातं. त्यात चित्रांच्या जोड्या लावा, शब्द ओढून रिकाम्या जागी ठेवा, व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारा, असे कितीतरी साचे तयार मिळतात. आपण फक्त मजकूर, चित्र आणि आवाज भरायचा. बटणांवरचे शब्दही बदलता येतात, म्हणजे मुलाला 'चेक'ऐवजी 'तपासा' दिसेल.

घरगुती वापरासाठी 'लुमी' हे फुकट ॲप सोयीचं. ते लॅपटॉपवर टाकावं लागतं, फोनवर चालत नाही. पण त्यात केलेला खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर काढता येतो, चित्रं आणि आवाज त्यातच. ती फाइल फोनवर पाठवायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. त्यानंतर नेट लागत नाही.

यातला उलटणाऱ्या कार्डांचा साचा आपल्या मुलांसाठी अगदी बरोबर आहे. कार्डावर 'ऊन' लिहायचं आणि आजीच्या आवाजात एक वाक्य ठेवायचं. सोबत सूर्याचं चित्र, आणि कार्ड उलटलं की अर्थ. दुसऱ्या कार्डावर 'वेळ', तिसऱ्यावर 'वेल', म्हणजे दोन्ही आवाज लागोपाठ ऐकता येतील. लिहून 'ळ' शिकवणं कठीण असतं, ऐकून तो पटकन जिभेवर बसतो.

आणि आजीची मराठी पाठ्यपुस्तकासारखी नसली तरी चालेल. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. आपल्या बऱ्याच घरांत नागपूरकडची बोली आहे. 'काय करून राहिला?' हे वाक्य प्रमाण मराठीच्या पुस्तकात सापडणार नाही. आपण बनवलेल्या कार्डांत मात्र ते हक्काने राहू शकतं. आज ज्या तोंडांतून ते ऐकू येतं, ती माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये, ते यासाठीच.

चार गोष्टी सांभाळा

एक, परवाना बघा. 'एनसी' अक्षरं असली तर साहित्य पैसे कमावण्यासाठी वापरता येत नाही. 'एनडी' असलं तर बदललेली आवृत्ती वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. 'एसए' म्हणजे आपली नवी आवृत्तीही त्याच परवान्यात द्यायची. गुगलवर दिसलं म्हणून कुठलंही चित्र उचलू नका.

दोन, मशीनचं भाषांतर तसंच छापू नका. 'ऊन', 'शिक्षा', 'चेष्टा' असे शब्द हिंदी-मराठीत सारखे दिसतात, तिथेच गडबड होण्याची भीती असते. घरातल्या जाणत्या माणसाला एकदा वाचायला द्या.

तीन, मुलांचे फोटो, पूर्ण नावं, शाळेचं नाव खुल्या साहित्यात घालू नका. खुला परवाना एकदा दिला की तो मागे घेता येत नाही. आजीचा आवाज घालतानाही तिला आधी विचारा. घरापुरतं ठेवायचं की सगळ्यांसाठी, हे तिला ठरवू द्या.

चार, प्रत जपून ठेवा. साइट बंद पडतात, पासवर्ड हरवतात. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका घरी असू द्या.

सुरुवात दहा शब्दांनी करा

फार मोठा बेत आखू नका. या रविवारी हिंदी-मराठीत गोंधळ करणारे दहा शब्द घरातल्या सगळ्यांनी मिळून काढा. शब्द मुलांनी शोधायचे, वाक्यं आजी-आजोबांनी सांगायची, रेकॉर्डिंग आईबाबांनी करायचं आणि लॅपटॉपवर बसायचं काम घरातल्या कॉलेजवाल्या ताई-दादाचं. झालेली फाइल बिलासपूरच्या आत्याला, दुर्गच्या मावशीला पाठवा. फाइल आपल्या परवान्याने खुली असली तर त्या तिच्यात आपले दहा शब्द घालतील. महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात चार घरांच्या फाइली एकत्र आल्या, तर चाळीस शब्द झाले. दुकानात न मिळणारं पुस्तक असंच तयार होईल.

तुमच्या घरी कोणता शब्द सगळ्यात जास्त गोंधळ घालतो? तो यादीत पहिला लिहा.