निपाणीची सीमा आणि राष्ट्रांची रीत

राष्ट्रे परस्परांशी कशी वागतात हे समजून घेण्यासाठी न्यूयॉर्क वा जिनेव्हा येथे जाण्याचे कारण नाही. चोर्ला घाट चढून बेळगावास जावे आणि तेथून पुण्याच्या रस्त्याने निपाणीपर्यंत यावे. निपाणीच्या पेठेत तंबाखूचा सौदा मराठीत ठरतो. पण ज्या शेतात तो तंबाखू पिकला त्याचा उतारा शेतकऱ्याच्या हाती कन्नडमध्ये पडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून या दोन शेजारी राज्यांनी जे राजकारण केले, ते संघराज्याच्या घटकांना शोभणारे कमी आणि दोन सार्वभौम सत्तांना शोभणारे अधिक आहे.

कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे सहा गुण सांगितले: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. त्यांपैकी कर्नाटकाने 'आसन' निवडले. ज्याच्या हाती भूमी, त्याने स्वस्थ बसावे. काळ त्याचाच पक्ष घेतो. परंतु हे बसणे निष्क्रिय नव्हते. २००६ साली विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरविण्यात आले, २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभा राहिला आणि २०१४ साली शहराचे अधिकृत नावच 'बेळगावी' झाले. दावा सांगितलेल्या भूमीवर राष्ट्रे ठाणी उभारतात, रस्ते नेतात, नकाशे छापतात, ते याच हेतूने. वस्तुस्थिती एकदा घट्ट झाली की तिच्यापुढे युक्तिवाद थिटे पडतात, हे त्यांस ठाऊक असते.

महाराष्ट्राने 'विग्रह' निवडला, पण तो शब्दांचा. त्याच्याच आग्रहावरून १९६६ साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर व नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावी असे सुचविले. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तोच अंतिम मानावा असा हट्ट धरला. बेळगावावरील हक्क सोडायचा नाही या निर्धारापायी आयोगाने देऊ केलेली निपाणीही हाती आली नाही. त्या निर्धाराची थोरवी आम्ही नाकारीत नाही; परंतु त्याची किंमत मुंबईच्या मंत्रालयाने नव्हे, निपाणीच्या माणसाने मोजली, हे विसरता येत नाही. पुढे २००४ साली ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यास दोन दशके उलटून गेली, तरी निकाल लागलेला नाही.

परराष्ट्र धोरण परमुलखात ठरते हा एक गोड गैरसमज आहे. ते घरच्या चुलीवर शिजते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीस बोलावले. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत कोणी दावा सांगू नये आणि दोन्हींकडील तीन-तीन मंत्र्यांनी बसून बोलावे, असे ठरले. महिना सरण्यापूर्वीच दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव संमत केले. सीमेवरच्या गाड्या थांबल्या, काचा फुटल्या, आणि ज्याच्या नावाने हे चालले तो मराठी माणूस स्थानकावर एस.टी.ची वाट पाहत उभा राहिला. सीमाप्रश्न सुटला तर भाषणाला विषय उरणार नाही, अशी तर धास्ती नाही ना?

आम्हां गोमंतकीयांस सत्तेच्या या व्याकरणाची ओळख निराळ्या वाटेने झाली आहे. न्याय आमच्या बाजूने असूनही स्वतंत्र भारताच्या नैतिक आवाहनाने सालाझारची राजवट चौदा वर्षे हलली नाही. बेळगावास जमलेले सैन्य डिसेंबर १९६१ मध्ये निघाले तेव्हा ती हलली. आणि सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. सत्याला सामर्थ्याची जोड लागते, हा त्याचा धडा. परंतु एकाच देशाच्या दोन राज्यांत 'यान' संभवत नाही, संभवू नये. तेथे संसद, न्यायालय आणि वाटाघाट हीच तीन साधने उरतात. मग राष्ट्रांचे वैर तेवढे उचलायचे आणि त्यांचे शहाणपण मात्र टाकायचे, हा कोठला व्यवहार?

कारण राष्ट्रे नुसती भांडत नाहीत, तहही करतात. भारत आणि बांगलादेश यांनी १९७४ साली सीमाकरार केला. त्याच्या पूर्तीस एकेचाळीस वर्षे लागली हे खरे. पण ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री परस्परांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल झाली. दिलेली भूमी मिळालेल्या भूमीहून अधिक होती, तरी भारताने ती दिली आणि तेथील रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची मुभा मिळाली. दुसरे उदाहरण युरोपातले. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल हा जर्मनभाषक प्रांत इटलीस जोडला गेला. ऑस्ट्रियाने तो प्रश्न १९६० साली संयुक्त राष्ट्रसंघात नेला. १९७२ च्या स्वायत्ततेने तेथील जर्मन शाळांना व कचेरीतील जर्मन भाषेला भक्कम आधार मिळाला, आणि १९९२ साली ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे कळविले. सीमा एक बोटभरही सरकली नव्हती! आणि घरचेच उदाहरण हवे तर आंध्र व मद्रास यांचे घ्यावे. हरि विनायक पाटसकर या मराठी माणसाच्या मध्यस्थीने त्यांची सीमा गाव हा घटक धरून आखली गेली व १९५९ साली संसदेने तिचा कायदा केला.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. नकाशाचा प्रश्न आणि माणसाच्या हक्काचा प्रश्न वेगळे करा. पहिला न्यायालयापुढे आहे. तो तेथे लढविला जावा आणि महाराष्ट्राने तो अधिक तयारीने लढवावा. दुसऱ्याला निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे हे संविधानाचे ३५०-अ कलम सांगते. जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत निघाव्या, हे केंद्राने मान्य केलेले संरक्षण आहे. निपाणीच्या शेतकऱ्याला उतारा मराठीत दिल्याने कर्नाटकाची एक इंचही भूमी जात नाही. तसेच जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळा नीट चालविल्याने महाराष्ट्राचे काही बिघडत नाही. दोन्ही राज्यांनी हा भाषेचा तह लेखी करावा. परस्परभाव हा राष्ट्रांच्या व्यवहाराचा सर्वांत जुना आधार आहे.

गोव्याने या वादात केवळ प्रेक्षक राहू नये. आपली भाजी बेळगावहून येते आणि म्हादई खानापूर तालुक्यातून. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे मंडलनीतीचे सूत्र वापरून कर्नाटकाविरुद्ध महाराष्ट्राच्या पाठीशी उभे राहण्याचा मोह येथे अनेकांना होतो. पण विर्डीचे धरण महाराष्ट्राचेच होते आणि त्यावर आक्षेप गोव्यालाच घ्यावा लागला, ही आठवण ठेवावी. लहान राज्याचे हित बलिष्ठांच्या कृपेत नसते, नियमांच्या पालनात असते. म्हणून सीमाभागातील मराठीसाठी बोलताना आपण कोणाचे शेपूट धरून नव्हे, न्यायाचे बोट धरून बोलावे.

दर वर्षी १७ जानेवारीस बेळगावात हुतात्म्यांना अभिवादन होते. १९५६ च्या त्या गोळीबाराचे साक्षीदार आता विरळ झाले आहेत. त्यांच्या नातवंडांना ठराव पुरेसे मिळाले. त्यांना आता मराठी शाळेचे दार उघडे हवे आहे.